गाडी मिस्त्रीकडे द्यायची की घरीच उघडायची

परवा मावसभावाचा मेसेज आला, कणकवलीहून. त्याने सेकंडहँड पल्सर १५० घेतलीय, २०१४ ची, आणि लगेच यादी पाठवली. एलईडी फॉग लाइट, मोबाईल चार्जर, मागं रुंद टायर, आवाजवाला सायलेन्सर, चेन स्प्रॉकेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं), पुढचा ब्रेक टाइट करणे. खाली एकच ओळ, "ताई हे दुकानात देऊ का घरीच करू, तू करतेस ना घरी." मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं व्हॉट्सअ‍ॅपवर नको, इथंच लिहिते. त्यालाही सापडेल आणि अजून कुणाच्या डोक्यात हाच प्रश्न घोळत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

माझी पण पल्सर १५० च आहे, २०१० ची, अजून रोज चालते. बाबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर (लोखंड कातायच्या मशीनवर) कामाला होते, तीस वर्षांच्या वर, त्यामुळं घरात पाने, पक्कड, फायली, टॅप-डाय हे सगळं भांड्याकुंड्यासारखं पडलेलं असायचं. कोल्हापुरात ज्यांचं घर उद्यमनगरशी जोडलेलं आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय, एखादा नट मिळाला नाही तर तो बाजारात शोधण्याऐवजी सरळ बनवून घ्यायचा अशी आमच्याकडची पद्धत. तरीपण गाडीचं काम घरी करायचं हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं नव्हतं. काम असलं की दुकानात द्यायची आणि संध्याकाळी आणायची. ते बदललं करूळ घाटात, गगनबावड्याहून खाली कोकणात उतरतो त्या.

२०१६ चा गणपती होता, मी मावशीकडे कणकवलीला निघाले होते. त्याच्या पंधरा दिवस आधी एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून दोन फॉग लाइट बसवून घेतले होते, मुद्दाम घाटासाठीच, कारण गाडीचा मूळ हेडलाइट ३५ वॅटचा, पावसात आणि धुक्यात तो पुढच्या चाकापलीकडं फारसं काही दाखवत नाही. गगनबावडा सोडलं तेव्हा सात वाजले असतील. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, तिथं पाऊस वरून पडत नाही, चारी बाजूंनी येतो. उतार सुरू झाला, दोन वळणं झाली आणि फॉग लाइट फडफडायला लागले. मला वाटलं पाणी लागत असेल. तिसऱ्या वळणावर हँडल डावीकडं घातलं आणि सगळंच गेलं. फॉग लाइट, हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, मीटर, सगळं एकदम. वळणाच्या मधोमध, एका बाजूला दरी, आणि डोळ्यांसमोर नुसता पांढरा काळोख. ब्रेक दाबून कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. मागून एक ट्रक येत होता, त्या ड्रायव्हरने माझी गाडी वेळेत बघितली, मागं थांबवली आणि लाइट चालू ठेवून खाली उतरला. त्या माणसाचं नावसुद्धा मला माहीत नाही पण दर गणपतीत आठवण येते.

त्याच्या उजेडात टाकीखाली मोबाईलची बॅटरी मारून बघितलं. हँडलच्या मानेजवळ, जिथं सगळ्या वायरी वळतात, तिथं काळ्या टेपचा एक गोळा होता. बोटानं ओढला तर टेप सालीसारखी निघून आली, आतला गोंद विरघळून चिकट लापशी झालेली, आणि आतमध्ये दोन वायरींची टोकं नुसती पीळ देऊन जोडलेली, तांबं हिरवं पडलेलं. दुकानातल्या पोराने हेडलाइटची वायर सोलून तिच्यातूनच फॉग लाइटला करंट घेतला होता, ना वेगळा फ्यूज ना रिले (तो काय ते पुढं सांगते), आणि तो जोड अशा जागी ठेवला होता जिथं हँडल वळलं की तो दर वेळी लोखंडावर घासायचा. घासून घासून टेप फाटली, पाणी गेलं, शॉर्ट झालं आणि मेन फ्यूज उडाला. मी ती टोकं वेगळी केली, फ्यूजच्या डबीत एक जादा फ्यूज होता तो घातला, हेडलाइट आला, आणि त्या ट्रकच्या मागं मागं वीसच्या स्पीडने खाली वैभववाडीपर्यंत उतरले.

परत आल्यावर दुकानात गेले. तो म्हणाला पाणी गेलं असंल, आणि माझ्यासमोर तिथंच नवीन टेप गुंडाळायला लागला. माझा त्या पोरावर राग नाही, खरंच नाही. त्याच्यासमोर दिवसाला दहा-पंधरा गाड्या, मालक घड्याळाकडं बघतोय, लाइट विकला की बसवणं फुकटात, त्यामुळं त्या कामाला त्याच्याकडं वीस मिनिटं असतात. तेच काम नीट करायला मला पहिल्यांदा चार तास लागले आणि आता दोन लागतात. दुकानात नसतो तो हा वेळ, अक्कल त्यांना माझ्यापेक्षा जास्तच असते. म्हणून ज्या कामात हुशारीपेक्षा वेळ जास्त लागतो ते काम घरी, हे मी त्या गणपतीनंतर ठरवलं. आणि ज्या कामात वर्षानुवर्षांचा हात लागतो ते मिस्त्रीकडे.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण कुठलं काम कशात मोडतं हे पहिल्यांदा करणाऱ्याला कसं कळणार. म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारते. माझी चूक झाली तर ती मला दारात कळेल का घाटात? चार्जर चुकीचा जोडला तर दारातच फ्यूज उडेल, फोन चार्ज होणार नाही, विषय संपला. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर दारात लिव्हर ठीक लागतो, दोन-चार किलोमीटर पण काही वाटत नाही, आणि उतारावर ब्रेक तापल्यावर लिव्हर हँडलला टेकतो. पहिलं काम बिनधास्त घरी कर. दुसरं काम तुझ्या हातात कधी द्यायचं हे तुझ्या मिस्त्रीला ठरवू दे.

लाइटचंच आधी सांगते कारण तुला महिन्यातून दोनदा तोच घाट चढायचाय. पहिलं म्हणजे फॉग लाइट घेण्याआधी आहे तो हेडलाइट बघ. काच आतून धुरकट झालीय का, रिफ्लेक्टरची चमक गेलीय का, आणि रात्री भिंतीसमोर गाडी लावून, वर कुणाला तरी बसवून, झोत कुठं पडतोय ते बघ. निम्म्या जुन्या गाड्यांचा झोत एकतर झाडावर असतो नाहीतर मडगार्डवर. स्क्रू फिरवून तो खाली-वर होतो, त्याला एक रुपया लागत नाही. एवढं करून पण कमी पडतंय असं वाटलं तरच पुढं जा.

मग मल्टिमीटर घे, साधा चालतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीला लाव, १२.६ च्या आसपास दाखवायला पाहिजे. गाडी चालू करून थोडी रेस दे, १४ च्या आसपास जाईल. मग हेडलाइट लाव, ब्रेक दाबून धर, इंडिकेटर लाव आणि गाडी स्लोवर असताना बघ किती दाखवतंय. तिथंच जर १२ च्या घरात आलं असेल तर तुझ्या गाडीला अजून दोन दिवे पेलणार नाहीत, आधी बॅटरी आणि चार्जिंग बघ. हे दुकानात कुणी बघत नाही, दिवा पेटला की झालं.

दोन लाइट २० वॅटचे धरले तर ४० वॅट, १२ ने भाग, ३.३ अँपिअर. म्हणजे फ्यूज ५ चा. लोक सारखा उडतो म्हणून १५ चा घालतात, त्याचा अर्थ एवढाच होतो की फ्यूज उडायच्या आधी वायर जळणार, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत पाहिजे, लाइटजवळ नाही, कारण मधली वायर कुठंही घासली तरी तिला वाचवायला फ्यूज तिच्या आधी लागतो.

रिले म्हणजे काडेपेटीच्या निम्म्या आकाराची डबी, खाली चार पिना, प्रत्येकीवर नंबर छापलेला, ३०, ८५, ८६, ८७. बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर ३० ला. ८७ मधून लाइटकडं. ८५ आणि ८६ च्या मध्ये आत एक कॉइल असते, त्यातल्या एकीला स्विचकडून येणारी बारीक वायर आणि दुसरीला अर्थिंग. बस एवढंच. स्विच दाबला की बारीक करंट कॉइलला जातो, कॉइल आतली पत्ती ओढते आणि जाड करंट बॅटरीतून थेट लाइटला जातो, गाडीच्या मूळ वायरिंगवर आणि स्विचवर काही लोड येत नाही. स्विचची वायर चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या लाइनवरून घे, नाहीतर एक दिवस लाइट चालू राहील आणि सकाळी बॅटरी बसलेली असेल.

जोड पीळ देऊन करायचे नाहीत. क्रिंपिंगची पक्कड मिळते, तिने लग, म्हणजे वायरच्या टोकाला घालायची धातूची टोपी, दाबून बसवायचा, वर हीट श्रिंकची (तापली की आवळणारी) नळी सरकवून हीट गनने आवळायची, लायटर नको. सोल्डर करणारे पण आहेत, पण गाडीच्या थरथरीने सोल्डर जिथं संपतं तिथं वायर तुटते असा माझा अनुभव आहे, म्हणून मी क्रिंपच करते. आणि वायर बांधायच्या आधी हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, चार-पाच वेळा फिरवून बघ कुठं ताणतेय कुठं दबतेय. झिप टाय सगळ्यात शेवटी. हे झालं की लाइट चालू ठेव आणि बागेच्या पाइपने पाणी मार, वरून, खालून, मानेजवळ, आणि अर्धा तास तसंच चालू ठेव. घाट दारातच आणायचा. मी २०१६ ला बसवलेलं वायरिंग अजून तेच आहे, मधल्या वर्षांत फक्त एक स्विच बदललाय.

आणि लाइट खाली बसव, तोंड रस्त्याकडं, गावात बंद. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मारणारा लाइट हा पण एक अपघातच आहे, फक्त तो दुसऱ्याच्या गाडीला होतो. मोबाईल चार्जर याच लाइनवर घे, त्याचा फ्यूज वेगळा ठेव, त्याच दिवशी होऊन जाईल.

चेन स्प्रॉकेट पण घरी कर. तिन्ही एकदम बदल, पुढचं, मागचं आणि चेन, नुसती नवी चेन जुन्या झिजलेल्या दातांवर घातलीस तर ती लवकर ताणते. दात बघून कळतं, नवीन दात डोंगरासारखा दोन्हीकडून सारखा असतो, झिजलेला एका बाजूला वाकून शार्कच्या पंखासारखा होतो. चेनच्या लॉकवर एक छोटी क्लिप येते, तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते तिकडं पाहिजे आणि फटीचं तोंड मागं. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निसटू शकते. ताण किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, साधारण इंचभर खाली-वर व्हायला पाहिजे, आणि चाक फिरवत फिरवत जिथं चेन सगळ्यात जास्त ताठ आहे तिथं मोजायचं, कारण चेन सगळीकडं सारखी ताणत नाही. ढिली चेन आवाज करते म्हणून लोक ती तारेसारखी आवळतात, मग बेअरिंग जातं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ताणाच्या खुणा असतात, त्या सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं. धुवायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नको, ओ-रिंगवाली चेन असेल तर तिचं रबर खराब होतं.

टायरचं उत्तर वेगळं आहे. तुझ्या गाडीला मागं १००/९०-१७ आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंचीचा टक्का, म्हणजे १०० च्या ९० टक्के, ९० मिलिमीटर, आणि १७ इंचाची रिम. तू १२० म्हणतोयस. रिम तीच ठेवून १२० चा टायर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, टायर मधून फुगतो आणि कोपऱ्यात जिथं तुला पकड पाहिजे तिथं त्याचा आकार बदललेला असतो. दिसायला मागून भारी दिसतं, मला मान्य आहे, पण वळणावर गाडी जड पडते, मायलेज उतरतं आणि काही वेळा चेन कव्हरला घासतो. हे काम घरी पण नको दुकानात पण नको. त्या पैशात मूळ साइजचा चांगल्या रबराचा टायर घे, दोन्ही चाकांना, फरक पहिल्याच पावसात कळेल. बसवायला मात्र मशीनवाल्याकडंच जा, अलॉय व्हीलवर टॉमीने (लोखंडी पहारीने) टायर चढवायला गेलास तर कडेला ओरखडा पडतो आणि ट्यूबलेसची हवा तिथूनच बारीक बारीक जात राहते. पंक्चरची पट्टी आणि पंप मात्र सीटखाली ठेव आणि शिकून घे, दहा मिनिटांचं काम आहे, रात्री फोंडा घाटात पंक्चरवाला मिळत नाही.

सायलेन्सरला तर मी सरळ नाहीच म्हणेन. कायद्याचं आधी. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालणार नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला दर बदलामागं ५ हजार दंड आला, आवाजाच्या नियमाला तर १० हजारांपर्यंत. काढून घेतलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तू पण बघितले असशील. इन्शुरन्सचं पण बघ, कंपनीला न कळवता केलेल्या बदलांवरून क्लेम अडू शकतो. पण समजा हे काहीच नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. सायलेन्सर मोकळा केला की इंजिनातला धूर जास्त सहज बाहेर पडतो, त्या हिशोबाने कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलावं लागतं, ते न बदलता नुसता सायलेन्सर लावला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. म्हणजे आवाज वाढतो, ताकद वाढत नाही आणि इंजिनाचं आयुष्य कमी होतं. आणि तुमच्या गल्लीत आजारी माणसं आहेत, शाळेची पोरं आहेत, मावशीला स्वतःला दुपारी झोप लागत नाही. तू चांगला पोरगा आहेस, तुला हे मी समजावून सांगायची गरज नाही.

आता ब्रेक. पुढचा डिस्क ब्रेक "टाइट" करता येत नाही. मागच्या ड्रमला नट असतो तो फिरवून टाइट होतो, पण डिस्कमध्ये पॅड झिजतील तसा पिस्टन आपोआप पुढं येतो. लिव्हर खोल जात असेल तर एकतर नळीत हवा आहे, नाहीतर ऑइल जुनं होऊन त्यात पाणी शिरलंय, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातली हवा कशी असते ते तुला माहीत आहे, म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच. कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ का डॉट ४, तेच, आणि सीलबंद बाटलीतलंच, मिस्त्रीच्या कपाटातली अर्धी उघडी बाटली नको. आणि टाकीवर जुनी गोधडी टाक, त्याचा थेंब पडला की रंग पोपडे धरून निघतो, माझ्या टाकीवर चार आणे एवढा डाग आहे.

हे काम मिस्त्रीकडे कर, पण शेजारी उभं राहून. मी पहिले तीन वेळा आमच्या मिस्त्रींच्या शेजारी बसून बघितलं, चौथ्यांदा मी केलं आणि ते बघत होते, त्यानंतर कुठं घरी सुरू केलं. पुढचे शॉकअप, हँडलचे कोनसेट (मानेतले बेअरिंग), क्लच प्लेट, व्हॉल्व्ह, हे मी अजूनही त्यांच्याकडेच देते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून स्वतः करते, पण ते हात बसल्यावर.

मिस्त्री कसा निवडायचा हे मात्र नीट ऐक, कारण लोक दुकान म्हणताना तीन वेगवेगळी दुकानं एकात धरतात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर हे ठरलेली कामं ठरल्या पद्धतीने करतं, गाडी वॉरंटीत असेल तर तिथंच जायचं, बाहेरचा लाइट ते बसवणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. अ‍ॅक्सेसरीजवाला विकतो आणि बसवून देतो, दुरुस्ती हा त्याचा धंदा नाही. आणि तिसरा तो कोपऱ्यावरचा जुना मिस्त्री. त्याच्याकडं जाऊन आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहा. काढलेले नट-बोल्ट तो मातीत टाकतोय का डबीत ठेवतोय. नट सोडवायला बरोबर मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना घेतोय का फिक्स पान्यावर हातोडी मारतोय. जुना पार्ट काढल्यावर गिऱ्हाईकाच्या हातात देतोय का. आणि विचारलं तर सांगतोय का.

हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी कित्येक दुकानांत गेलेय जिथं गाडी माझी, चालवते मी, पैसे मी देणार, आणि काय बिघडलंय ते माझ्याबरोबर आलेल्या भावाला सांगितलं जातं, ज्याला क्लचची केबल कुठली ते माहीत नाही. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाले, "ताई हितं बसा, बघा, पुढच्या वेळी तुमचं तुम्ही कराल." गिऱ्हाईक कमी होईल याची भीती ज्याला नाही त्या माणसाचा हात चांगला असतो, असं मला तरी वाटतं. गेली दहा वर्षं मी बाकी कुठं गेलेली नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून होणार नाही. पहिल्यांदा मी घरी ऑइल बदललं तेव्हा खालचा ड्रेन बोल्ट बसवताना गळेल या भीतीने पान्याला पाइप घालून आवळला. शेवटच्या पाव फेऱ्यात तो अचानक मऊ लागला. कुणी केलं असेल तर त्याला तो हाताला लागणारा मऊपणा माहीत असेल, पोटात गोळा येतो. बोल्ट काढला तर त्याच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत स्प्रिंग बाहेर आली, ते इंजिनाच्या केसिंगचे आटे होते. बोल्ट लोखंडाचा, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, दोघांची कुस्ती लावली तर कोण जिंकणार. बाबा आले, बघितलं, ओरडले नाहीत. गाडी ढकलत उद्यमनगरात नेली, त्यांच्या ओळखीच्या एकाने भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात हेलिकॉइल (आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवून दिली, ती अजून टिकलीय. येताना बाबा एवढंच म्हणाले, "बोल्ट पहिलं चार फेरं बोटानं बसत नसंल तर पान्यानं बसवायचा न्हाई. आन् बसला की थांबायचं." तेव्हापासून प्रत्येक बोल्ट मी आधी बोटांनी बसवते, आणि मॅन्युअलमध्ये जिथं किती आवळायचं याचा आकडा दिलाय तिथं टॉर्क रेंच (तेवढंच आवळणारा पाना) लावते. दारातल्या आणि घाटातल्या चुकीच्या जोडीला हा दुसरा प्रश्न तिथून आला, की ही चूक परत फिरवता येते का. वायर परत जोडता येते. केसिंगचे आटे परत येत नाहीत, आणि तुमच्याकडं उद्यमनगर नाही.

ऑइलवरून आठवलं, २० डब्ल्यू ५० घाल आणि बाटलीवर जासो एमए (JASO MA, ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघ. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो. निघालेलं लिटरभर काळं ऑइल गटारात ओतू नकोस, प्लीज. गड नदी तुमच्या गावातून वाहते, तिचंच पाणी तुम्ही पिता. कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडं नेऊन दे, जुनं ऑइल गोळा करणारे त्यांच्याकडं येतात.

पैसे वाचतील म्हणून घरी करणार असशील तर पहिल्या वर्षी तरी वाचणार नाहीत. ८ ते १७ चे रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, एलन की, मल्टिमीटर, क्रिंपिंगची पक्कड, चांगल्यातलं घेतलंस तर दोन-तीन सर्व्हिसिंगचे पैसे तिथंच जातात. आणि हलकं घेऊ नकोस, हलक्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट छिन्नीनेच निघतो. मला घरी करावंसं वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. गाडी चालवताना खालून एखादा आवाज आला तर तो कुठून आला असेल ते मला आता कळतं. घाटात अंधारात थांबायची वेळ आली तर टाकीखाली कुठली वायर कुठं जाते ते मला डोळे मिटून माहीत आहे, कारण ती मीच घातलीय. २०१६ ला मला हे नव्हतं माहीत, तेव्हा मला त्या ट्रकवाल्याचा उजेड होता म्हणून निभावलं.

तर तुझ्या यादीचं असं. लाइट, चार्जर, चेन माझ्याकडं आण, आपण दोघं मिळून करू, म्हणजे पान्याला हात तूच लावायचा, मी फक्त बघणार. ब्रेकसाठी सोमवारी सकाळी आमच्या मिस्त्रींकडं जाऊ, त्यांना सांगून ठेवलंय, तू स्टुलावर बसायचं. टायर मूळ साइजचा. सायलेन्सर राहू दे.

रविवारी उजेडात नीघ, दुपारच्या आत इथं पोच. रिले आणि फ्यूज होल्डर मी आणून ठेवलेत. बाबांनी सकाळीच क्रिंपिंगची पक्कड शोधून तेल घालून ठेवलीय आणि दोनदा विचारून झालंय, पोरगा कधी येतोय.